कादंबरी, ललितेतर आणि वाचकाचा अभिप्राय

अलीकडे मराठी वाचक आपल्या वाचनाविषयी लिहायला बसला की दोन रकाने आखतो. एकात कादंबऱ्या, दुसऱ्यात ‘नॉनफिक्शन’. पहिला शब्द दीडशे वर्षे मुरलेला, दुसरा इंग्रजीतून जसाच्या तसा उचललेला. दुसऱ्याला मराठी प्रतिशब्द नाही असे नाही. ललितेतर, कथेतर, वैचारिक, माहितीपर, संकीर्ण असे निदान पाच आहेत, आणि ते पाच आहेत हीच अडचण आहे. वाचकाचे मत समजून घ्यायचे तर आधी हा गुंता पाहायला हवा, कारण पुस्तक कोणत्या रकान्यात पडते त्यावर त्याच्याकडून काय मागायचे हे ठरते.

‘कादंबरी’ हा शब्दही सरळ वाटेने आलेला नाही. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या नायिकेचे आणि तिच्या कथेचे नाव मराठी आणि कानडीने अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन टाकले. बंगाली-हिंदीने ‘उपन्यास’ म्हटले, गुजरातीने ‘नवलकथा’. ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या सुरुवातीच्या अद्भुतरम्य पुस्तकांना ते नाव शोभलेही. विधवांच्या हालांवरची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) त्यांच्याआधीची असून अगदी वेगळ्या वळणाची होती, पण पुढची काही वर्षे वाचकांची पसंती अद्भुताकडेच राहिली.

त्या पसंतीला पहिला ठणठणीत जाब विचारला तो बुलढाण्याच्या एका वाचक स्त्रीने, ताराबाई शिंदे यांनी. १८८२ साली पुण्यात छापलेल्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या तिच्या पुस्तकाचा विषय वेगळा होता, तरी त्यात तिने गाजलेल्या कादंबऱ्या-नाटकांतल्या स्त्रियांचा समाचार घेतला. तिचे माप साहित्यशास्त्राचे नव्हते. बायकांचे खरे जगणे डोळ्यांसमोर असताना हे असे कसे लिहिता, हा तिचा प्रश्न होता. मराठीतल्या वाचकाच्या अभिप्रायाची सुरुवात मी तिथून धरतो. त्याच काळात मासिकांतून विद्वानांनी लिहिलेली परीक्षणे भरपूर आहेत, पण ती परीक्षकाच्या खुर्चीतून लिहिलेली आहेत. ‘परीक्षण’ या शब्दातच परीक्षा आहे, पास-नापास आहे. ‘अभिप्राय’ हा त्या मानाने मोकळा शब्द. पण प्रकाशक संपादकांकडे ‘अभिप्रायार्थ’ दोन प्रती धाडू लागले, ज्यांना जागा मिळाली नाही ती पुस्तके ‘साभार पोच’च्या यादीत जाऊ लागली, आणि मलपृष्ठावर ‘वाचनीय व संग्राह्य’ छापून येऊ लागले, तसा हा शब्दही व्यवहारात अडकला. ज्याने वर्गणी भरून पुस्तक घरी नेले त्याचे मत छापायला जागा उरली ती वाचकांच्या पत्रव्यवहारापुरती.

आता ‘ललित’कडे. गुंत्याचे मूळ इथे आहे.

मराठीत या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांना छेद देत नांदतात. ललित वाङ्मय म्हणजे कथा, कादंबरी, नाटक, कविता. ललित लेख किंवा ललितगद्य म्हणजे मात्र लेखकाने आपल्याच अनुभवावर, आपल्याच आवाजात लिहिलेले, ज्यात रचलेले कथानक नसते. पहिला अर्थ धरला तर ‘ललितेतर’ म्हणजे नॉनफिक्शन हे बरोबर वाटते. दुसरा अर्थ आठवला की ते कोसळते, कारण इंग्रजी वाटणीत जो आत्मपर निबंध हमखास नॉनफिक्शनमध्ये बसतो, तोच आपल्याकडे ‘ललित’ शब्दाचा अस्सल धनी आहे. प्रवासवर्णनाचे तेच, आठवणींचे तेच. व्यक्तिचित्र तर दोन्हीकडे पाय टाकून उभे आहे. ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मधली माणसे त्या मुलखात चालती-बोलती होती. ‘व्यक्ती आणि वल्ली’ मधली बहुतेक कल्पनेतून घडली. दोन्ही पुस्तकांना आपण एकच नाव देतो आणि वाचकाला त्यात काहीच खटकत नाही. ‘श्यामची आई’ घ्या. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली, १९३५ साली आलेली. श्याम म्हणजे लेखक हे सगळ्यांना माहीत, प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी गोष्ट सांगण्याची चौकट. ती कादंबरी की आठवणी, हे ठरवण्यावाचून कुणाचे अडले नाही.

ग्रंथालयांनी आपल्यापुरता तोडगा काढला. कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, प्रवास अशी कपाटे लावली आणि कुठेच न बसणाऱ्या पुस्तकांसाठी ‘संकीर्ण’ ठेवले. समाजशास्त्र, पाककृती, शेती, पत्रसंग्रह सगळे त्यात. देवघेव खिडकीशी अर्धा तास उभे राहिले तर कळते की ‘ललितेतर द्या’ असे कुणी म्हणत नाही. ‘खरं घडलेलं काही आहे का?’ असे विचारतात. मराठी वाचकाची खरी वाटणी ही आहे, आणि ती समीक्षेतल्या वाटणीपेक्षा कमी प्रतीची आहे असे मला वाटत नाही.

‘आमचा वाचक कादंबऱ्यांपलीकडे जात नाही’ ही तक्रार सतत ऐकू येते. साहित्य अकादमीचा देशपातळीवरचा पुरस्कार १९५५ मध्ये सुरू झाला. मराठीतले त्याचे पहिले मानकरी पुस्तक होते ‘वैदिक संस्कृतीचा विकास’. पुढे १९५९ पर्यंत सौंदर्यविचार, एका नटाचे आत्मचरित्र आणि भारतीय साहित्यशास्त्र यांवरची पुस्तके निवडली गेली. कादंबरीचा क्रम लागला १९६० साली, ‘ययाति’मुळे. पुरस्कार म्हणजे वाचकांचा कौल नव्हे, हे मान्य. तरी ललितेतर लेखन दुय्यम होते हे चित्र त्या काळाला तरी लागू पडत नाही.

पारडे फिरले ते साठच्या दशकात. ‘स्वामी’ १९६२ साली आली, ‘मृत्युंजय’ १९६७ साली, ‘श्रीमान योगी’ आणि ‘आनंदी गोपाळ’ १९६८ साली. चरित्रात्मक कादंबरी हे नाव याच सुमारास घट्ट झाले. नावातच दोन रकाने एकत्र बांधलेले आहेत. वाचकाने या पुस्तकांवर जीव लावला तो नुसत्या भाषेसाठी नव्हे. ‘स्वामी’तले माधवराव आणि रमाबाई खरोखर होते, जहाजाने देश सोडून नवऱ्याविना अमेरिकेला गेलेली ‘आनंदी गोपाळ’मधली मुलगी खरोखर होती, ही खात्री त्यामागे होती. आनंदीबाईंचे चरित्र एका स्त्रीनेच एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवले होते. घरोघरी पोचली ती कादंबरी. आजही अनेक जण कादंबरीतला प्रसंग चरित्रातला म्हणून सांगतात. इतिहासाच्या अभ्यासकांनी यावर वेळोवेळी हरकत घेतली. संवाद कोणत्या कागदात आहेत, असे विचारले. लेखकाच्या बाजूने उत्तर आले की ही कादंबरी आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. वाचकाला मात्र पुस्तकाच्या शेवटी कोणते प्रसंग कागदपत्रांतले आणि कोणते रचलेले एवढे सांगणारी चार पाने मिळाली असती तर त्याची फसगत टळली असती. ती चार पाने बहुतेक वेळा नसत, आणि हा दोष वाचकाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

१९७८ साली हा प्रश्न उलट्या बाजूने आला. सत्तरच्या दशकात मुंबईत उभ्या राहिलेल्या एका वाचक चळवळीने ‘बलुतं’ छापले. त्यात दगडू मारुती पवार आपली हकीकत दया पवारला सांगतो, आणि दोघे एकच. हे आत्मचरित्र म्हणावे तर उतारवयात कर्तृत्वाचा आढावा घेण्याची जुनी रीत त्यात नव्हती. कादंबरी म्हणावे तर लेखकाने सोसलेले सगळे रचलेले ठरवल्यासारखे होत होते. मग ‘आत्मकथन’ आणि ‘स्वकथन’ हे शब्द पुढे आले. ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘जिणं आमुचं’ (१९८६), ‘उचल्या’ (१९८७) ही रांग लागली तेव्हा ते रुळले. या पुस्तकांवरच्या प्रतिक्रियांत ‘दाहक’ हा शब्द फार आला. तो मनापासून आला यात शंका नाही, पण त्याच्या आडून लेखकाची कारागिरी पाहायचे राहून गेले. अनुभव खरा म्हणून पुस्तक मोठे, एवढ्यावर मत थांबले. ‘बलुतं’मधली दोन आवाजांची रचना किती विचारपूर्वक केलेली आहे यावर सामान्य वाचकाने त्या काळी लिहिलेले फारसे सापडत नाही. पुष्कळ समीक्षकांनीही ‘साहित्य की दस्तऐवज’ या वादातच वेळ घालवला. माझ्या मते तो वाद चुकीच्या दारात उभा होता. दस्तऐवज असणे आणि साहित्य असणे यांत विरोध आहे, हे गृहीत आले होते त्या उसन्या दोन रकान्यांतून.

नव्वदनंतर अनुवादांची लाट आली आणि वर्गवारीत आणखी एक कपाट वाढले. ‘अनुवादित’ हा वेगळाच प्रकार झाला. त्यात परदेशी रहस्यकथा आणि व्यवस्थापनावरचे पुस्तक शेजारी शेजारी लागले. ‘नॉनफिक्शन’ शब्द मराठी बोलण्यात शिरला तो मुख्यतः या दारातून. लोकांसाठी लिहिलेले विज्ञान, अर्थकारण, स्वतःला घडवण्याची पुस्तके यांना ‘वैचारिक’ म्हणवेना, ‘माहितीपर’ म्हटले तर ती शालेय वाटत. नव्या शब्दाने सोय झाली. पण सोयीबरोबर स्वकथने, ललितगद्य, व्यक्तिचित्रे यांना तो पोटात घेऊ लागला, आणि ती नॉनफिक्शन आहेत म्हणताना मराठी वाचकाला अजूनही जड जाते.

सरकारी व्यवहार जुन्याच रेषांवर चालतो. राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांत कादंबरी, ललितगद्य, चरित्र, आत्मचरित्र यांची दारे वेगवेगळी आहेत. भिलारला मे २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव सुरू झाले तेव्हाही घरे साहित्यप्रकारांप्रमाणे वाटली गेली. वाचक एका घरातून दुसऱ्या घरात चालत जातो.

चरित्रात्मक कादंबरीचा जुना प्रश्न फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा दारात आला. ‘छावा’ या १९७९ च्या कादंबरीवरचा हिंदी चित्रपट झळकण्याआधीच लेझीमच्या दृश्यावरून वाद झाला आणि ते काढण्यात आले. पुढे एका घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणावर आक्षेप घेतला. तेव्हा कादंबरीचा हवाला दिला गेला. छापून शेहेचाळीस वर्षे झालेले पुस्तक लोकांनी पुन्हा उघडले आणि त्यावर नव्याने मते लिहिली. त्यांतल्या काहींनी कादंबरीशेजारी इतिहासग्रंथ ठेवून, पान काढून, प्रसंग जुळवून पाहिला आहे.