पाय माझा, खड्डा माझा, मग दंड कशाला?

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला अ‍ॅडिरॉन्डॅक नावाचा डोंगराळ मुलूख आहे. 1932 आणि 1980 चं हिवाळी ऑलिंपिक जिथे झालं ते लेक प्लॅसिड गाव याच भागातलं. आसपास 46 मानाची शिखरं. त्यातलं सर्वांत उंच माउंट मार्सी 1,629 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा 17 मीटरने ठेंगणंच. पण कळसूबाईवर हिवाळ्यात कंबरभर बर्फ साचत नाही आणि पारा उणे वीसवर जात नाही. त्यामुळे तिथे नसलेला एक नियम इथे आहे: शिखरांच्या संरक्षित पट्ट्यात 8 इंच किंवा त्याहून जास्त बर्फ असेल, तर स्नोशू (बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायचा रुंद तळवा) किंवा स्की चढवल्याशिवाय चालायचं नाही. हा प्रेमळ सल्ला नाही, रीतसर नियम आहे. रेंजर अडवू शकतो, दंडही करू शकतो.

न्यू जर्सीतली आमची मराठी टोळी याच शिखरांपैकी कॅस्केड माउंटनवर निघाली, तेव्हा हा नियम वाचून एकाचं डोकं फिरलं. ‘‘अरे, पाय माझा, रुतणार मी. यात सरकारच्या पोटात का दुखतंय?’’

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शाळेच्या पुस्तकात अर्धंच सापडतं.

आधी ते अर्धं उत्तर. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. कपडे, बूट, पाठपिशवी धरून 80 किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला, की बुटाच्या साधारण 300 चौरस सेंटिमीटरवर त्याचं सगळं वजन येतं. दाब सुमारे 26 किलोपास्कल. त्याच पायाखाली मध्यम आकाराचा स्नोशू, म्हणजे साधारण 1,200 चौरस सेंटिमीटर, आला की दाब चौथ्या हिश्शावर, साडेसहा किलोपास्कलवर येतो. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी अ‍ॅश झाडाचं लाकूड वाकवून आणि कच्च्या कातड्याच्या वाद्या विणून हेच साधलं होतं. आताच्या स्नोशूत अ‍ॅल्युमिनियमची नळी, प्लास्टिकचा तळवा आणि खाली पोलादी काटे असतात. चढावर पोटऱ्या भरून येऊ नयेत म्हणून टाचेखाली उभी करता येणारी तारेची कडीसुद्धा असते. तीव्र चढावर त्या कडीला मनातल्या मनात नमस्कार केला नाही असा माणूस मला भेटलेला नाही.

पण पुस्तकाचं उत्तर इथेच संपतं आणि खरी गंमत इथून सुरू होते. ताजा, कोरडा बर्फ साडेसहा किलोपास्कलसुद्धा पेलत नाही. सर्वांत पुढे राहून वाट पाडणारा माणूस स्नोशू घालूनही नडगीपर्यंत आत जातो आणि दहा मिनिटांत धापा टाकत मागे येतो. म्हणून तर ते काम पाळीपाळीने करतात. दुसरा कमी रुततो. चौथा-पाचवा जवळजवळ रस्त्यावरून चालल्यासारखा येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तर त्याच वाटेवर साधे बूट घालून उभं राहिलं तरी पाय आत जात नाही. वजन तेच, बर्फही तोच. क्षेत्रफळ तर उलट कमी झालं. मग बदललं काय?

मी वाटेच्या कडेला काठी खुपसून एक तुकडा उचकटून पाहिला. वरचा पाचेक सेंटिमीटरचा तुडवलेला थर अख्खा फरशीसारखा हातात आला, एका कोपऱ्याला धरला तरी मोडला नाही. त्याच्या शेजारचा, कुणी न तुडवलेला बर्फ ओंजळीत घेतला तर बोटांतून पिठासारखा गळून गेला. त्याचा गोळाही होईना.

बहुतेकजण याचं स्पष्टीकरण असं देतात: दाबाने बर्फ वितळतो, दाब गेला की पाणी पुन्हा गोठतं आणि कण चिकटतात. शाळेत वजनं टांगलेली तार बर्फाच्या लादीतून आरपार जाते तो प्रयोग आठवत असेल. दाबाने बर्फाचा वितळणबिंदू उतरतो हे खरंच आहे. 1850 च्या सुमारास जेम्स आणि विल्यम या थॉमसन बंधूंनी ते गणिताने आणि प्रयोगाने दाखवलं. (विल्यम म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन.) पण उतरतो किती? एका वातावरणाच्या (समुद्रसपाटीवरच्या हवेच्या) दाबाला 0.0074 अंश. आपल्या स्नोशूचा दाब एका वातावरणाच्या पंधराव्या भागाइतकाही नाही, म्हणजे वितळणबिंदू अंशाच्या दोन हजाराव्या भागाने खाली सरकतो. बाहेर उणे 10 असताना याचा काय उपयोग? कण एकमेकांना टोकाटोकाला टेकलेले असतात, तिथे दाब पुष्कळ जास्त असतो हे मान्य. पण उणे 10 ला बर्फ वितळवायचा तर हजारावर वातावरणांचा दाब हवा, आणि तोवर ती टोकं चुरडून गेलेली असतात.

मायकेल फॅरडेला हे स्पष्टीकरण तेव्हाच पटलं नव्हतं. बर्फाचे दोन तुकडे नुसते टेकवले तरी चिकटतात, हे त्याने 1850 मध्ये दाखवलं आणि म्हटलं, बर्फाच्या पृष्ठभागावर एक पातळ, द्रवासारखा थर मुळातच असतो. त्याकडे पुढची जवळजवळ शंभर वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. आज तो थर मान्य झालेला आहे: जाडी नॅनोमीटरांत, शून्याच्या जवळ जाईल तसा जास्त जाड.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्याकडे येतो. आपण बर्फाला थंड म्हणतो ते आपल्या कातडीच्या हिशेबाने. पदार्थाच्या हिशेबाने पाहायचं तर तो आपल्या वितळणबिंदूपासून किती लांब आहे ते बघायला हवं, आणि तेही केल्विनमध्ये (सेल्सिअसच्या आकड्यात 273 मिळवले की केल्विन). बर्फ वितळतो 273 केल्विनला. उणे 10 म्हणजे 263 केल्विन, म्हणजेच वितळणबिंदूच्या 96 टक्के. लोखंड वितळतं 1,538 अंश सेल्सिअसला. त्याला त्याच्या 96 टक्क्यांवर आणायचं तर 1,470 अंशांपर्यंत तापवावं लागेल. तेव्हा लोखंड डोळे दिपतील इतकं पांढरंशुभ्र लखलखत असतं. स्नोशूखाली करकरणारा बर्फ पदार्थ म्हणून तितकाच ‘गरम’ आहे. इतक्या गरम घन पदार्थातले रेणू जागेवर बसून राहत नाहीत. भट्टीत मातीची वीट न वितळता पक्की होते, तेव्हा तिच्यातले कण असेच एकमेकांत रुजतात. या क्रियेला सिंटरिंग म्हणतात. मातीला त्यासाठी भट्टी लागते. बर्फाची भट्टी म्हणजे हिवाळ्यातली हवाच.

हे रुजणं चालतं कसं? बर्फाचे दोन गोल कण एकमेकांना टेकलेत अशी कल्पना करा. कणांचा पृष्ठभाग बहिर्वक्र आहे. पण जिथे ते टेकतात तिथे भोवताली एक खाच तयार होते आणि ती अंतर्वक्र आहे. बहिर्वक्र पृष्ठभागावरच्या रेणूला शेजारी कमी, त्यामुळे तो चटकन सुटून वाफ होतो. खाचेतल्या रेणूला तिन्हीकडून शेजारी, तो घट्ट बसतो. म्हणून फुगवट्यावर वाफेचा दाब किंचित जास्त आणि खाचेत किंचित कमी राहतो. फरक किती? कणाची त्रिज्या मिलिमीटरचा दहावा भाग असेल तर त्यावरचा वाफेचा दाब सपाट बर्फापेक्षा लाखात दोन भाग जास्त. ताज्या हिमकणाच्या अणकुचीदार टोकावर, जिथे त्रिज्या मायक्रोमीटरभर असते, तिथे हजारात दोन. एवढ्याशा फरकावर वाफ टोकांकडून खाचेकडे वाहते, तिथे गोठते आणि दोन कणांमध्ये एक मान तयार होते. मान जाड होते तसा खाचेचा बाक कमी होतो आणि वेग मंदावतो. म्हणून बर्फ सुरुवातीला झपाट्याने घट्ट होतो, नंतर हळूहळू.

रेणू नेमके कोणत्या वाटेने खाचेत पोचतात, यावर बराच वाद झाला. सिरॅमिक्सच्या शास्त्रातला मोठा माणूस डब्ल्यू. डी. किंगरी याने 1960 मध्ये म्हटलं, पृष्ठभागावरून सरकत. हॉब्ज आणि मेसन यांनी 1964 मध्ये दाखवलं की मुख्य वाट वाफेचीच. पण मान तयार व्हायला तास लागतात असं समजू नका. स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या झाबो आणि श्नेबेली यांनी 2007 मध्ये बर्फाचे कण एकमेकांवर दाबून मोजलं, तेव्हा सेकंदाच्या आत जोड धरलेला दिसला.

इथे स्नोशूचं दुसरं काम लक्षात येईल. नुकत्याच पडलेल्या बर्फाची घनता दर घनमीटरला 50 ते 100 किलो. बाकी सगळी हवा. कण एकमेकांना क्वचितच टेकलेले. स्नोशू त्यांना दाबून जवळ आणतो, टोकं मोडतो, टेकायच्या जागा कितीतरी पटींनी वाढवतो. पुढचं काम वाफ करते. उणे 5 ला बर्फावरच्या वाफेचा दाब उणे 20 च्या जवळजवळ चौपट असतो, म्हणून फार कडाक्याच्या दिवशी वाट पक्की व्हायला जास्त वेळ लागतो.

मोटारी येण्याआधी व्हरमाँट, न्यू हॅम्पशायरकडे रस्त्यांवरचा बर्फ बाजूला काढायचेच नाहीत. घोड्यांनी ओढायचे लाकडी रोलर फिरवून तो चोपून टाकायचे आणि त्यावरून घसरगाड्या हाकायचे. अंटार्क्टिकात मॅकमर्डो तळाजवळची फिनिक्स धावपट्टी अशाच चोपलेल्या बर्फाची आहे आणि तिच्यावर सी-17 सारखी अवजड मालवाहू विमानं चाकांवर उतरतात.

आता मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. नुसत्या बुटाने मांडीपर्यंत रुतलात, की बूट खड्ड्याच्या तळाचा आणि भिंतींचा बर्फ दाबतो. रात्रभरात त्या भिंती रुजून दगड होतात. उद्या पहाटे कुणी स्कीवर खाली येतो, ताज्या भुरभुरीखाली झाकलेला हा खड्डा त्याला दिसत नाही, आणि घोटा किंवा गुडघा जातो. खड्डा तुमचा असला तरी पाय दुसऱ्याचा मोडतो. चार-पाच जण असे चालले की अख्खी वाट पुढच्या बर्फवृष्टीपर्यंत निकामी. नियम आहे तो यासाठी.

हिमकणांचा विषय निघाला की मंत्र म्हटलेल्या पाण्याचे स्फटिक सुंदर होतात आणि शिव्या दिलेल्या पाण्याचे कुरूप, असा एक फॉरवर्ड हमखास येतो. सोबत मासारू इमोटो या जपानी गृहस्थांचे फोटो. शिकलेसवरलेले लोक तो ‘विज्ञानाने सिद्ध’ म्हणून पाठवतात. त्यांनी दुसऱ्या एका जपान्याचं नाव ऐकलेलं नसतं. उकिचिरो नाकाया याने 1936 मध्ये होक्काइडोत, सशाच्या केसाच्या टोकावर, जगातला पहिला कृत्रिम हिमकण वाढवला आणि मग शीतखोलीत एकेक अट बदलत दाखवून दिलं की हिमकण चांदणीसारखा होणार, पातळ तबकडी होणार की सुईसारखा, हे तापमान आणि बाष्पाचं प्रमाण ठरवतं. कानात काय सांगितलं याने काही फरक पडत नाही.

तापमानातला फरक कण जोडण्याची ही करामत उलट्या दिशेनेही फिरवतो. बर्फाचा थर जमिनीलगत शून्याच्या आसपास असतो, कारण जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. वर मात्र उणे 20. उणे 10 च्या आसपास एका अंशाच्या फरकाने वाफेचा दाब सुमारे 9 टक्के बदलतो. वर आपण लाखात दोन भागांबद्दल बोलत होतो! त्यापुढे फुगवटा-खाचेचा खेळ किस झाडकी पत्ती. मीटरला साधारण 10 अंशांहून जास्त फरक असला की वाफ खालून वर धावत सुटते, माना बारीक होतात आणि कडा-कोपरे असलेले सुटे, साखरेसारखे खडे वाढतात. ते एकमेकांना धरतच नाहीत. तुडवले तरी सळसळत घरंगळतात. उतारावर असा थर खाली आणि जड बर्फ वर अशी स्थिती आली, की हिमस्खलनाची पूर्वतयारी झालीच म्हणायची.

कॅस्केडच्या माथ्याजवळ आणखी एक सापळा असतो. तिथली स्प्रूस आणि फरची झाडं खुरटी, फांद्या अगदी जमिनीपर्यंत. फांद्यांवर बर्फ अडकतो, पण बुंध्याभोवती पोकळी राहते. वरून सगळं सपाट दिसतं. वाटेपासून दोन पावलं बाजूला झालात तर स्नोशूसकट काखेपर्यंत आत, आणि स्नोशू खालच्या फांद्यांत अडकल्यामुळे पाय वर काढता येत नाही. अशा वेळी धडपड न करता दुसऱ्याने काठी द्यावी आणि फावड्याने आधी स्नोशू मोकळा करावा.

बर्फात मुक्काम करणाऱ्यांना सिंटरिंगचं नाव माहीत नसलं तरी ते वापरतात. तंबूची जागा स्नोशूने नीट तुडवून अर्धा तास तशीच सोडायची, तोवर स्टोव्ह पेटवून चहा टाकायचा. घाईत लगेच आत शिरलात तर गुडघ्याचे खळगे पडतात आणि रात्रभर तेच खळगे पाठीला रुततात. तंबूच्या दोऱ्यांसाठी खुंट्या उभ्या ठोकायच्या नाहीत. दोरी बांधून आडव्या पुरायच्या आणि वरून बर्फ तुडवायचा. सकाळी त्या काढायला फावडं लागतंच, ते रात्री तंबूजवळ उभं करून ठेवावं, नाहीतर आधी फावडं शोधावं लागतं.