उभ्या पद्मिनीची थरथर

दोन-तीन वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली प्रीमियर पद्मिनी नवी बॅटरी लावून, चोक ओढून बहुतेकदा सुरू होते. त्रास त्यानंतरचा. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय असेपर्यंत इंजिन ठीक चालतं. पाय काढला की बॉनेट थरथरतं, दोन-चार आचके बसतात आणि गाडी बंद. मग कोणीतरी स्लो-स्पीडचा स्क्रू आवळतो, फेरे वाढतात, थरथर दबते आणि गाडी ‘झाली’ असं जाहीर होतं. खरं तर दोष तिथेच असतो, फक्त जास्त फेऱ्यांमुळे तो जाणवत नाही.

या गाडीवर आयडलिंगचा, म्हणजे पाय काढल्यावर इंजिन मंद गतीने चालत राहण्याचा, विषय समजून घेणं सोपं आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट या नावाने आलेलं हे मॉडेल पुढे पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर आणि हवेत पेट्रोल मिसळणारा एक कार्बोरेटर. चूक झाकणारा संगणक नाही. मुंबईच्या टॅक्सीतून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली, पण खासगी मालकांकडे अजून बऱ्याच आहेत आणि त्यातल्या कित्येक वर्षातले बहुतेक महिने उभ्याच असतात.

आयडलिंगला इंजिन आरामात असतं, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. मिनिटाला सुमारे ८०० फेरे, म्हणजे चार सिलिंडर मिळून १६०० ज्वलनं. थ्रॉटलची, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेच्या वाटेतली चकती जवळजवळ बंद असल्याने इनटेक मॅनिफोल्डमधला (मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळीतला) दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश इतका उतरतो. सिलिंडरमध्ये जाणारं मिश्रण आधीच विरळ, त्यात मागच्या खेपेचा जळका वायूही बराच उरलेला. अशा मिश्रणात ज्योत संथ पसरते. शिवाय फ्लायव्हीलमधली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ८०० फेऱ्यांना ती ३२०० फेऱ्यांच्या सोळाव्या हिश्शाएवढीच असते. हायवेवर एखादं ज्वलन हुकलं तरी कळत नाही. सिग्नलला तेच हुकणं आरशात दिसतं.

पेट्रोल येण्याची वाटही वेगळी असते. कार्बोरेटरच्या अरुंद घशातून हवा वेगाने गेली तरच मुख्य जेटमधून, म्हणजे मापाचं छिद्र असलेल्या पितळी तुकड्यातून, पेट्रोल ओढलं जातं, आणि आयडलिंगला तेवढा वेग नसतो. म्हणून थ्रॉटलच्या चकतीखाली एक बारीक भोक ठेवलेलं असतं, आणि त्याला पेट्रोल पुरवतं आयडल जेट. त्याचं छिद्र साधारण अर्ध्या मिलिमीटरचं. रेस दिल्यावर गाडी पळते आणि सोडल्यावर मरते, तेव्हा पहिला संशय याच छिद्रावर.

ते बुजतं कसं? पेट्रोल हा एक पदार्थ नाही. साधारण चार ते बारा कार्बन अणूंच्या शेकडो हायड्रोकार्बनांचं ते मिश्रण आहे. हलके घटक ३०-४० अंशांनाच उकळतात, जड घटकांना २०० अंशांच्या आसपास जावं लागतं. कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी, फ्लोट चेंबर, हवेला उघडी असल्याने हलके घटक आधी उडून जातात, आणि थंड इंजिन सुरू व्हायला नेमके तेच लागतात. मागे राहिलेल्यांपैकी दुहेरी बंध असलेली संयुगं हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पेरॉक्साइड बनवतात, ते एकमेकांना चिकटून मोठे रेणू होतात आणि तळाशी काकवीसारखा थर बसतो. टाकीतल्या शिळ्या पेट्रोलला येणारा आंबूस वासही ऑक्सिडीकरणाचाच.

हा थर काढायला जेटमध्ये तार घालणं हा गॅरेजमधला सर्वात महागडा उपाय. पितळेचं छिद्र दहा टक्के रुंद झालं की त्याचं क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं, आणि मग ती गाडी कायमची पेट्रोल जास्त पिते. जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजत ठेवावा, मग कॉम्प्रेसरची हवा मारावी. एवढं पुरतं.

आता इथेनॉल. २०२२ मध्ये देशात दहा टक्के मिश्रणाचं लक्ष्य गाठलं गेलं, २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात त्याचं अर्थकारण वेगळं सांगायला नको. रसायनशास्त्र मात्र जुन्या गाडीला त्रासाचं आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते, एक ग्रॅम इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. जेट मात्र जुन्याच मापाचा, त्यामुळे मिश्रण सुमारे आठ टक्के पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. आयडलिंगला आधीच घट्ट, म्हणजे जास्त पेट्रोलचं मिश्रण हवं असतं. तिथे हे आठ टक्के जाणवतात. त्यात इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. पावसाळाभर अर्धी रिकामी टाकी राहिली आणि पाणी मर्यादेपलीकडे गेलं, की इथेनॉल आणि पाणी एकत्रच पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. पेट्रोल टाकीच्या तळातूनच ओढलं जातं. गंज, विरलेला जुना रबरी पाइप, कार्बोरेटरच्या जस्तमिश्र धातूवर आलेली पांढरी भुकटी, हे सगळं तिथून सुरू होतं. जुनं पेट्रोल आधी काढावं, मग बाकीचं बघावं. ते गटारात ओतू नये, हे वेगळं सांगायला लागू नये.

तरीही थरथरीचा दोष दर वेळी कार्बोरेटरवर ढकलणं मला पटत नाही. मॅनिफोल्डच्या वाळलेल्या गॅस्केटमधून हवा शिरत असेल तर जेट कितीही चकचकीत करा. आतला दाब बाहेरच्या निम्म्याहूनही खाली असल्याने फटीतून शिरणारी हवा ध्वनीच्या वेगाने जाते. सूं सूं आवाज त्याचाच. दोन मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला २५-३० लिटर हवा आत येते. या इंजिनाला आयडलिंगला लागते सगळी मिळून दीडशेच्या आसपास. म्हणजे सहावा हिस्सा हवा पेट्रोलशिवाय आली. थ्रॉटल पूर्ण उघडला की आतला दाब बाहेरच्या बरोबरीला येतो आणि तीच फट निरुपद्रवी होते. चालू इंजिनावर जोडांपाशी पाण्याचा बारीक फवारा मारून बघावा. आवाज बदलला तर जागा सापडली. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम एक्झॉस्ट शेजारी असतो, हे लक्षात घेतलं तर असं कोणी करणार नाही.

ठिणगीची बाजू सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित. डेल्कोमधले (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधले) सीबी पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, दमट हवेत ऑक्साइडची पातळ साय धरतात, रोध वाढतो, कॉइलमधला प्रवाह घटतो. कॉइलमधली ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्याने प्रवाह वीस टक्के कमी झाला की ठिणगीची ऊर्जा ३६ टक्के कमी. बारीक पॉलिश पेपरने पॉइंट साफ करून फट पुन्हा लावणं आणि डेल्कोच्या कॅपमध्ये कार्बनच्या काळ्या रेघा आहेत का ते बघणं, याला फार वेळ लागत नाही. कोकणात पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी असेल तर मी इथूनच सुरुवात करीन.

दोष कुठे आहे हे ठरवण्याची जुनी रीत अजून चांगली आहे. इंजिन आयडलिंगला ठेवून, इन्सुलेशन असलेल्या पकडीने एकेका प्लगची वायर काढायची. फेरे लगेच पडले तर तो सिलिंडर काम करतोय; काही फरकच पडला नाही तर तो आधीपासून मेलेला आहे. एकच मेलेला असेल तर प्लग, वायर किंवा व्हॉल्व्ह. गाडी उभी असताना कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच, दमट हवा तिथून आत जाते आणि व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटवर गंज बसतो. कॉम्प्रेशन गेजवर तो लगेच दिसतो. शेजारचे दोन कमजोर असतील तर हेड गॅस्केट. चारही सारखेच लंगडत असतील तरच कार्बोरेटर, ठिणगीचं टायमिंग किंवा हवेची गळती. हे सगळं उघड्यावर करायचं, शटर लावलेल्या गॅरेजमध्ये नाही. आयडलिंगच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो.

मिश्रणाचा स्क्रू सर्वात शेवटी. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण आत. स्क्रू इंजिन बंद असताना हलकेच टेकेपर्यंत आत न्यायचा, दीड फेरा बाहेर आणायचा. इंजिन चालू करून पाव-पाव फेरा फिरवत सर्वात जास्त फेरे मिळतात ती जागा शोधायची आणि मगच स्लो-स्पीडचा स्क्रू सैल करत ८०० वर आणायचं. मिश्रणाचा स्क्रू दोन्हीकडे फिरवूनही इंजिनाला फरक पडत नसेल, तर आयडल जेट अजून बुजलेला आहे किंवा थ्रॉटल इतका उघडा आहे की इंजिन त्या भोकावर चालतच नाहीये. पहिल्या शक्यतेत कार्बोरेटर पुन्हा उतरवायचा, दुसरीत केबल ताठ आहे का ते बघायचं.