वाव म्हणजे परस नव्हे

मे महिन्यात शिकागोला एनबीएचा ड्राफ्ट कम्बाइन झाला, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याआधीची मोजमापं आणि चाचण्या झाल्या, की आमच्या बास्केटबॉलवेड्या मंडळींत दरवर्षी तोच घोळ सुरू होतो. कुणा पोराचा विंगस्पॅन, म्हणजे पसरलेल्या दोन हातांची लांबी, ७ फूट ४ इंच निघाला, की लगेच ‘हा रिंगपाशी कुणाला फिरकू देणार नाही’. अरे बाबांनो, विंगस्पॅन आडवा मोजतात. रिंग वर आहे, १० फुटांवर.

उंचीबद्दल फार बोलत नाही, ती सगळ्यांना कळते. अनवाणी मोजली आहे का एवढं बघा. बुटांनी इंचभर सहज वाढते आणि २०१९ पर्यंत संघ ती फुगवलेली उंची बिनदिक्कत छापत होते. शिवाय उंचीत मान आणि डोकं धरलेलं असतं. डोक्याने कुणी शॉट अडवत नाही. नुसत्या उंचीवर भाळायचं तर आपला सतनामसिंग होताच: ७ फूट २ इंच, २०१५ मध्ये डलासने ५२वा निवडला, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

आता खरा घोळ. विंगस्पॅन एक माप, आणि उभ्याने हात वर केला की तो कुठवर पोचतो ते दुसरं, स्टँडिंग रीच. आपल्याकडे या दोन मापांना चोख शब्द होते. दोर मोजायचा तो वावेने: दोन्ही हात ताणले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. विहिरीची खोली सांगायची ती परसात: हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. विंगस्पॅन ही वाव, स्टँडिंग रीच हा परस. विहीर कुणी वावेने सांगितली असती तर आजोबांनी आधी त्याच्याकडे आणि मग विहिरीकडे बघितलं असतं.

वावेत दोन हात आणि मधले खांदे येतात. परसात खांद्यापर्यंतची उंची आणि एकच हात. त्यामुळे लांब हातांनी वाव ४ इंच वाढली तर परस २ इंचच वाढतो. तीच वाढ रुंद खांद्यांमुळे असेल, तर परसाच्या पदरात जवळजवळ काहीच पडत नाही. त्यात मान लांब असली तर खांदेच खाली येतात. म्हणून सारख्या उंचीच्या आणि सारख्या वावेच्या दोन सेंटरांत, म्हणजे रिंगपाशी खेळणाऱ्या उंच खेळाडूंत, एकाचा हात दुसऱ्यापेक्षा दोन-तीन इंच खाली राहू शकतो. तेवढ्यात चेंडू बोटांवरून निघून जातो.

मो बाम्बा या सेंटरची वाव ७ फूट १० इंच निघाली तेव्हा केवढा गाजावाजा झाला! २०१८ मध्ये ऑर्लँडोने त्याला सहावा घेतला. दुसरा सेंटर रूडी गोबेर, त्याची वाव त्याहून दीड इंच कमी, पण परस दोघांचा जवळपास सारखाच, साडेनऊ फुटांच्या थोडा वर. २०१३ मध्ये २७व्या क्रमांकावर गेलेला गोबेर चार वेळा वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. बाम्बा संघ बदलत राहिला. म्हणजे परसही सगळं सांगत नाही. टॅको फॉलचा परस १० फुटांच्या वर, उडी न मारताच हात रिंगच्या वर जायचा, तरी २०१९ च्या ६० निवडींत त्याचं नाव नव्हतं. हात वर जाऊन काय उपयोग, पाय वेळेवर तिथे पोचले पाहिजेत.

वाव निरुपयोगी आहे असं मात्र नाही. पास तोडायचा, समोरच्याची वाट अडवायची, तिथे आडवाच हात लागतो. कवाय लेनर्ड २०११ मध्ये १५वा गेला. वाव ७ फूट ३ इंच, पंजे सुपाएवढे. २०१५ आणि २०१६ चा सर्वोत्तम बचावपटू तोच.

कम्बाइनमधल्या बेंच प्रेसबद्दल, म्हणजे पाठीवर पडून वजन उचलण्याच्या चाचणीबद्दल, एकच वाक्य: पुढे एनबीएचा मोठा तारा झालेल्या केविन ड्युरंटला २००७ मध्ये १८५ पौंड एकदाही उचलता आले नाहीत.

तर सेंटर असेल तेव्हा मी आधी परस बघतो, मग पायांची चपळाई. विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारा असेल तर वाव. आणि लांबून बास्केट करणारा नेमबाज असेल तर मापांचा कागद घडी घालून ठेवतो. जे. जे. रेडिकची वाव त्याच्या उंचीपेक्षाही कमी होती, आणि तो १५ हंगाम खेळला.