निसर्गस्नेही वास्तुरचना : उष्णकटिबंधीय शहरे आणि मनःस्वास्थ्य

झाडे, पाणी, वारा व सूर्यप्रकाश यांना इमारतीच्या मूळ आराखड्यातच जागा देणारी रचनापद्धती. ‘बायोफिलिक डिझाइन’ या नावानेही ती ओळखली जाते. बायोफिलिया म्हणजे सजीवसृष्टीची ओढ. ती माणसात उपजत असते, असे जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी १९८४ मध्ये मांडले.

त्याच वर्षी संशोधक रॉजर उलरिच यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी ताडून पाहिल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, उरलेल्यांसमोर विटांची भिंत. झाडे पाहणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

उष्ण-दमट शहरांत नुसत्या दृश्याने भागत नाही, गारवा अंगाला लागावा लागतो. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, उकाड्याने रात्रीची झोप मोडते आणि अपुऱ्या झोपेची चिडचिड दुसऱ्या दिवशीही पाठ सोडत नाही. म्हणून रुंद छज्जा, भिंतीवरची सावली आणि आरपार वारा यांचा विचार मनःस्वास्थ्याच्या अंगानेही करायला हवा. बंद काचेच्या इमारतीत चार कुंड्या मांडून हे साधत नाही.

मलेशियात वास्तुरचनाकार केन यांग यांनी मेनारा मेसिनियागा (१९९२) या मनोऱ्यावर बागा वळणावळणाने वर चढवल्या. सिंगापूरचे खू टेक पुआट रुग्णालय (२०१०) यिशुन तळ्याकाठी आहे. त्याचे मधले अंगण तळ्याच्या बाजूला मोकळे ठेवले असून बाहेरच्या भिंतींवरील उभ्या पट्ट्या वाहता वारा आत वळवतात. याच शहरातील ओएशिया हॉटेल डाउनटाउन (२०१६) या २७ मजली इमारतीला अॅल्युमिनियमची लाल जाळी आहे. तिच्यावर वेली चढतात, आणि उंचावरच्या बागा बाजूंनी उघड्या असल्याने वारा खेळता राहतो.

हिरवाईचे ओझेही असते. पाने हवेत बाष्प सोडतात. वारा अडला की दाट झाडीतच कोंदटपणा वाढतो. साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारे डास होतात, तेव्हा पाणी वाहते ठेवणे किंवा त्यात मासे सोडणे आवश्यक ठरते. वाळलेल्या वेलींची भिंत रोज नजरेस पडणे हेही उदासवाणेच. ते टाळण्यासाठी प्रत्येक मजल्यावरील वाफ्यापर्यंत माळ्याला सुरक्षित पोहोचता येईल, अशी वाट आराखड्यातच काढावी लागते.