पोलार्ड, फ्रिट्झ

पोलार्ड, फ्रिट्झ : (२७ जानेवारी १८९४ – ११ मे १९८६). अमेरिकन फुटबॉल या चेंडू हातात घेऊन धावण्याच्या खेळातील खेळाडू आणि आज एनएफएल (नॅशनल फुटबॉल लीग) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यावसायिक लीगचे पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक. जन्म शिकागोत. पूर्ण नाव फ्रेडरिक डग्लस पोलार्ड; गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्यावरून ते ठेवले होते.

ब्राउन विद्यापीठाकडून १ जानेवारी १९१६ रोजी ते रोझ बोल या विद्यापीठ संघांच्या मानाच्या सामन्यात उतरले. त्यात खेळणारे ते पहिले कृष्णवर्णीय. ब्राउन हरले, पण त्याच वर्षीच्या पुढच्या हंगामात येल आणि हार्वर्ड या दोन्ही बलाढ्य संघांना त्यांनी धूळ चारली. त्या विजयांत पोलार्ड यांच्या चेंडू घेऊन धावण्याचा वाटा मोठा होता.

अंगाने ते किरकोळ. वजन ७५ किलोच्या आसपास. बचावपटूंच्या फटींतून चेंडू घेऊन निसटण्यात त्यांचा हातखंडा होता. खाली पाडल्यावरही प्रतिस्पर्धी मुद्दाम अंगावर उड्या घेत. म्हणून पडताच ते उताणे होत आणि सायकल चालवावी तसे पाय हवेत फिरवत. बुटांच्या टोकदार खिळ्यांपुढे कोणी सहसा येत नसे.

१९१९ मध्ये ते ओहायोतील अॅक्रन या रबर कारखान्यांच्या शहरातील संघात दाखल झाले. सहकाऱ्यांसोबत कपडे बदलण्याचीही तिथे मुभा नव्हती; संघमालकाच्या सिगारच्या दुकानात तयार होऊन ते मैदानावर येत. १९२० मध्ये लीगच्या पहिल्याच हंगामात अॅक्रन अपराजित राहून विजेते ठरले : ८ विजय, ३ बरोबरी. १९२१ मध्ये खेळत असतानाच पोलार्ड यांच्याकडे एल्गी टोबिन यांच्यासह प्रशिक्षकपद आले. पुढे गायक व अभिनेते म्हणून गाजलेले पॉल रोबसन तेव्हा त्याच संघात होते.

मिलवॉकी, हॅमंड, प्रॉव्हिडन्स असे संघ बदलत १९२६ मध्ये त्यांची लीगमधील कारकीर्द संपली. १९३४ पासून तर लीगने कृष्णवर्णीयांना दारच बंद केले. नियम कागदावर नव्हता, पण १९४६ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला गेला नाही. या काळात पोलार्ड यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ‘ब्राउन बॉम्बर्स’ हा कृष्णवर्णीयांचा संघ घडवला. गुणी खेळाडू लोकांच्या नजरेसमोर राहावेत यासाठीची ही धडपड त्यांच्या मैदानावरील खेळाइतकीच मोलाची मानली पाहिजे.

लीगला दुसरा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक मिळाला तो १९८९ मध्ये, आर्ट शेल यांच्या रूपाने. पोलार्ड यांचा व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत) समावेश झाला २००५ मध्ये, मृत्यूनंतर १९ वर्षांनी. इतका उशीर व्हायला नको होता.