मूमिनदरी

मूमिनदरी हे फिनलंडमधील स्वीडिश भाषक लेखिका आणि चित्रकार तूवे यान्सन (1914–2001) यांच्या बालकादंबऱ्यांतील काल्पनिक स्थळ. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ओसाड डोंगर, मधून वाहणारी नदी, नदीवर मूमिनबाबांनी बांधलेला पूल आणि जवळच निळे, उंच, गोल घर, अशी या दरीची ठेवण आहे. गोबऱ्या, मोठ्या नाकाचे मूमिन कुटुंब तिथे राहते. पण दरीचे खरे वैशिष्ट्य म्हणजे कुटुंबात न जन्मलेल्यांचा तिथला राबता. कोणी आले की मूमिनआई आणखी एक अंथरूण घालते आणि जेवणाच्या टेबलावर आणखी एक ताट मांडते. कुठून आलात, किती दिवस राहणार, हे ती विचारत नाही.

या मोकळेपणाचे मूळ दरीच्या जन्मातच आहे. यान्सन यांनी पहिली मूमिनकथा 1939 च्या युद्धकाळातील हिवाळ्यात लिहायला घेतली आणि ती 1945 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या कथेत मूमिनआई आणि तिचा मुलगा मूमिनट्रोल बेपत्ता बाबांच्या शोधात भटकत असतात. बाबांनी बांधलेले घर महापुरात वाहून जाते आणि नेमके याच दरीत येऊन टेकते. म्हणजे हे यजमान स्वतःच एके काळचे निर्वासित आहेत. 1970 पर्यंत या मालिकेत नऊ पुस्तके आली. 1966 मध्ये यान्सन यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. टाम्पेरे शहरात मूमिन संग्रहालय आहे.

दरीचे वर्ष ऋतूंवर चालते. नोव्हेंबरात सारे सूचिपर्णी झाडांच्या सुया पोटभर खाऊन झोपतात ते एप्रिलमध्येच उठतात. माउथ ऑर्गन वाजवत हिंडणारा स्नफ्किन मात्र हिवाळ्यात दक्षिणेकडे जातो आणि वसंतात परततो. मूमिनट्रोलचा तो जिवलग मित्र, तरी त्याला कोणी अडवून धरत नाही. घरात खोली असूनही त्याला तंबूच आवडतो, आणि तेही सर्वांना मान्य असते.

दरीची ओळख करून घ्यायला सर्वांत सोयीची कादंबरी 1948 ची. तिचे स्वीडिश नाव ‘ट्रोलकार्लेन्स हॅट’, म्हणजे जादूगाराची टोपी. डोंगरमाथ्यावर मुलांना एक उंच काळी टोपी सापडते. तिचा नियम एकच: आत काही पुरेसा वेळ राहिले की त्याचे भलतेच काहीतरी होते. अंड्याच्या टरफलांचे ढग होतात आणि मुले त्यांवर बसून फिरतात. नदीचे पाणी सरबत होते. आत टाकलेल्या रोपट्यामुळे अख्ख्या घरात जंगल माजते. कस्तुरी-उंदराच्या कवळीचे काय झाले हे लेखिका सांगतच नाही. आपापल्या आईला विचारा, असे तळटीपेत सुचवते.

लपाछपी खेळताना मूमिनट्रोल या टोपीखाली दडतो तो प्रसंग कादंबरीचा गाभा आहे. तो बाहेर येतो तेव्हा गोबरे अंग वाळलेले, कान लांब, डोळे बशीएवढे. त्याला स्वतःला याचा पत्ता नसतो. मित्र त्याला ओळखत नाहीत. आपण मूमिनट्रोल आहोत असे तो म्हणतो तेव्हा ते चिडतात. शेवटी आई त्याच्या घाबरलेल्या डोळ्यांत बराच वेळ पाहते आणि तू माझाच, असे सांगते. तेवढ्याने जादू उतरते. मुलांना हा प्रसंग वाचून दाखवताना घाई करू नये. आईच्या पाहण्याआधी क्षणभर थांबले नाही, तर सुटकेचा आनंद निम्मा होतो.

पुढे तोफ्स्ला आणि विफ्स्ला हे दोन चिमुकले परके जीव एक सुटकेस घेऊन येतात. ही नावे तूवे आणि त्यांची मैत्रीण विविका बांडलर यांच्या नावांवरून बेतलेली आहेत. या जोडीची भाषा इतरांना कळत नाही. हेम्युलेन नावाचा दरीतलाच एक रहिवासी तेवढा दुभाषा होतो. मूळ स्वीडिशमध्ये ते शब्दांना ‘स्ला’ जोडतात. एलिझाबेथ पोर्च यांच्या 1950 च्या इंग्रजी अनुवादात शेजारच्या शब्दांची पहिली अक्षरे अदलाबदल होतात, जसे ‘गरम चहा’चे ‘चरम गहा’ व्हावे. मराठीत वाचून दाखवताना आपली च-ची भाषा जास्त जुळते: ‘पेटी’ची ‘चेटीप’, ‘भूक लागली’चे ‘चूकभ चागलील’. मुलांना ती खेळातून ठाऊक असते, त्यामुळे हेम्युलेनसारखा अर्थ लावण्याची मजा त्यांनाही मिळते. अडचण येते ती स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांत, कारण शेवटी न्यायला व्यंजनच नसते. तिथे दुसरा शब्द निवडावा. वाक्य तीन-चार शब्दांचेच ठेवावे. लांब वाक्यात ऐकणारा हरवतो आणि गंमत जाते.

ही जोडी निरागस असली तरी साधी नाही. सुटकेसमधील ऐवजावर मोर्रान नावाच्या, बसेल तिथली जमीन गोठवणाऱ्या थंडगार बाईचा दावा असतो. त्यावर रीतसर खटला भरतो आणि ऐवजाच्या बदल्यात टोपी देऊन तडजोड होते. मग हीच जोडी मूमिनआईची पर्स पळवते. कारण इतकेच, की आतल्या छोट्या कप्प्यांत झोप छान लागते. आईचे दुःख पाहून ते पर्स परत करतात. त्यांना शिक्षा होत नाही. उलट पर्स सापडल्याची मेजवानी झडते.

त्या मेजवानीला स्वतः जादूगार येतो. तो ज्या माणकाच्या शोधात आहे ते सुटकेसमध्येच असते, पण मालक द्यायला तयार नसतात. तो इतरांच्या इच्छा पुऱ्या करू शकतो, स्वतःची मात्र नाही. तेव्हा तोफ्स्ला-विफ्स्ला आपली इच्छा त्याच्यासाठी खर्च करतात: याला तितकेच सुंदर दुसरे माणिक मिळो. कथानकाची गाठ इतक्या सहज आणि इतक्या उदारपणे सुटलेली बालसाहित्यात क्वचितच दिसते.

मोर्रान मात्र या पुस्तकात टोपी घेऊन निघून जाते; तिला कोणी थांब म्हणत नाही. दरीच्या पाहुणचारातील ही उणीव लेखिकेच्या मनात राहिली असावी. 1965 च्या कादंबरीत मूमिनट्रोल रोज रात्री कंदील घेऊन किनाऱ्यावर तिला भेटायला जातो. एके दिवशी रॉकेल संपते. तरीही तो जातो, आणि कंदील नसतानाही त्याला पाहून ती आनंदते. त्या रात्री तिच्या पायाखालची वाळू गोठलेली नसते.