टूरिंग मोटारसायकलच्या सीटची उंची कमी करणे

लांब पल्ल्याच्या मोटारसायकलवर बसल्यावर चालकाचे पाय जमिनीला नीट पुरावेत, यासाठी सीटमध्ये किंवा सस्पेन्शनमध्ये केला जाणारा बदल. ॲडव्हेंचर-टूरिंग गाड्यांत हा प्रश्न जास्त येतो. खडबडीत वाटेसाठी त्यांच्या सस्पेन्शनला भरपूर हालचाल दिलेली असते, त्यामुळे गाडी मुळातच उंच उभी राहते. रॉयल एनफिल्डच्या पहिल्या हिमालयनची (२०१६) सीट ८०० मिमीवर होती. २०२३ च्या हिमालयन ४५० ची ८२५ ते ८४५ मिमी आहे. पुण्याजवळ चाकणला बनणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर २०२० मध्ये आली तेव्हा तिची सीट ८५५ मिमीवर होती. कमी उंचीच्या माणसाचे अशा गाडीवर जेमतेम चवडे टेकतात.

धावत्या गाडीवर याचा काही त्रास नसतो. गाडी पडते ती थांबताना. टाकी भरलेली, मागे सामान, घाटात चढावर पुढचा ट्रक अचानक थांबलेला, आणि पाय टेकायला जावा तिथे नेमका खड्डा. दोनशे किलोची गाडी एकदा कलली की चवड्यावर सावरत नाही.

कागदावरचा आकडा मात्र पुरता खरा नसतो. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पायाची लांबी तिथेच खर्ची पडते. त्याच उंचीची पण अरुंद सीट सोपी वाटते. म्हणून पहिला हात सीटला लावावा. चांगला कारागीर रेक्झिन सोडवतो, चालकाला उघड्या फोमवर बसवतो आणि मांडीची आतली बाजू जिथे घासते तिथे मार्करने खूण करतो. मग त्या दोन कडा तिरप्या छाटतो. मधोमध खोल खणणारा कारागीर टाळावा: फोम पातळ झाला की खालचा प्लॅस्टिकचा तळ टोचू लागतो आणि दोनेक तासांत बसवत नाही. शिवाय सीट खाली येते, फूटपेग जागेवरच राहतात, त्यामुळे गुडघे जास्त दुमडतात. काही कंपन्या स्वतःच कमी उंचीची सीट देतात. हिमालयन ४५० साठी अशी ८०५ मिमीची सीट मिळते.

मागच्या शॉकचा (शॉक ॲब्सॉर्बरचा) प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, सैल केला तरी गाडी थोडी खाली बसते. पण आधीच मऊ असलेली स्प्रिंग सामान लादल्यावर तळाला आपटते, हे लक्षात ठेवायला हवे.

लिंकेज असलेल्या, म्हणजे मागचा शॉक मधल्या पट्ट्यांमार्फत जोडलेल्या गाड्यांत मूळ पट्ट्यांऐवजी (मेकॅनिक त्यांना ‘डॉगबोन’ म्हणतात) लांब पट्ट्या बसवून मागची बाजू उतरवता येते. हिमालयनमध्ये लिंकेज आहे. ३९० ॲडव्हेंचरचा शॉक थेट स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला) जोडलेला असल्याने तिथे हा उपाय लागू नाही. मागची बाजू उतरवली की पुढचे फोर्क (पुढचे चाक धरणाऱ्या नळ्या) क्लॅम्पमधून वर सरकवून पुढची बाजूही त्याच प्रमाणात खाली घ्यावी लागते. हे राहून गेले तर हँडल जड वाटते, पुढचे चाक हलके पडते आणि हेडलाइटचा झोत वर जातो. उलट, पुढची बाजू जास्त उतरली तर वेगात गाडी अस्थिर होते. फोर्क पूर्ण दबल्यावर चाक कुठे घासत नाही ना, तेही पाहावे लागते. जितके मिलिमीटर गाडी उतरते, जवळजवळ तितकाच ग्राउंड क्लिअरन्सही (जमीन आणि गाडीचा तळ यांतले अंतर) जातो. हिमाचलमधल्या स्पितीतल्या नाल्यातले दगड मग इंजिनच्या तळाला लागतात. त्यामुळे कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्याने सीट आधी आणि लिंकेज अगदी शेवटी, हाच क्रम ठेवावा.

साइड स्टँड हमखास विसरला जातो. उतरवलेली गाडी जुन्या लांबीच्या स्टँडवर जवळपास सरळ उभी राहते आणि जमीन जराशी उजवीकडे उतरती असली तरी पलीकडे कोसळते. स्टँड कापून, पुन्हा वेल्ड करून तेवढाच आखूड करावा लागतो.

महागड्या गाड्यांत हे काम आता इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन करते. हार्ले-डेव्हिडसनच्या पॅन अमेरिका स्पेशलला २०२१ मध्ये थांबताना आपोआप खाली बसणाऱ्या सस्पेन्शनचा पर्याय आला. बीएमडब्ल्यू आर १३०० जीएसमध्ये (२०२३) अशी यंत्रणा घेतल्यास वेग ताशी २५ किमीखाली आला की गाडी ३० मिमी उतरते आणि ५० च्या पुढे गेल्यावर पुन्हा पूर्ण उंचीवर येते.